औषधाच्या दुकानातून इंधन

ऑगस्ट १८८८. दक्षिण जर्मनीतील विस्लॉख गावात एका औषधविक्रेत्याकडे एक बाई आल्या आणि त्यांनी लिग्रोइन मागितले. कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी लोक हे खनिज तेलापासून बनणारे द्रावण विकत घेत. बाईंना मात्र ते बरेच हवे होते. त्यांच्या तीनचाकी मोटारगाडीतले इंधन संपत आले होते. या बाई म्हणजे बर्था बेंझ.

बर्था यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी फोर्ट्सहाइम शहरात झाला. कार्ल बेंझ यांच्याशी लग्न ठरले तेव्हा त्यांचा कारखाना अडचणीत होता. बर्थांनी माहेरहून मिळणारी रक्कम लग्नाआधीच मागून घेतली आणि कारखाना वाचवला. १८८६ मध्ये कार्ल यांनी मोटारगाडीचे पेटंट मिळवले, पण गिऱ्हाईक येईना. घोड्याविना धावणाऱ्या यंत्राची लोकांना धास्ती वाटे. ते दूरवर चालते, हे कोणी पाहिलेच नव्हते.

कोणतेही औषध प्रयोगशाळेत उत्तम ठरले, तरी त्याचे खरे गुणदोष रुग्णांना दिल्यावरच कळतात. यंत्राचेही तसेच. एका पहाटे पतीला न सांगता बर्था दोन मुलांसह, पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड यांना घेऊन, मानहाइमहून माहेरी निघाल्या. अंतर होते सुमारे १०६ किलोमीटर.

वाटेत दोष एकेक करून उघडे पडले. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. विजेच्या तारेचे आवरण झिजले, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. साखळी लोहाराकडून दुरुस्त करून घेतली. इंजिन थंड ठेवण्यासाठी वारंवार पाणी भरावे लागले. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली. उतारावर तर धोका जिवाचाच होता. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजत होते. बर्थांनी एका चांभाराकडून त्यांवर चामडे बसवून घेतले. आज प्रत्येक वाहनात असणाऱ्या ब्रेक लायनिंगचा हा आरंभ मानला जातो.

अंधार पडल्यावर त्या फोर्ट्सहाइमला पोहोचल्या आणि कार्ल यांना तार केली. परतल्यावर त्यांनी साऱ्या उणिवा पतीला सांगितल्या. कार्ल यांनी चढासाठी आणखी एक गिअर जोडला. या प्रवासाची चर्चा झाली आणि गाडीवरचा लोकांचा विश्वास वाढू लागला.

पेटंटवर नाव कार्ल यांचेच राहिले. ज्या कार्ल्सरूहच्या तंत्रशिक्षण संस्थेत ते शिकले होते, तिने बर्थांना त्यांच्या ९५व्या वाढदिवशी सन्माननीय सिनेटर हा किताब दिला. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, लाडेनबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. विस्लॉखचे ते औषधाचे दुकान जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून ओळखले जाते.