विषाचा माग काढणाऱ्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन

मारुतीला आपण वाहतो तो शेंदूर मूळचा शिशाचा, आणि भिंतीच्या रंगात पूर्वी पडे तो सफेताही शिशाचाच. हे शिसे धुळीवाटे अंगात शिरून माणसाचे हळूहळू वाटोळे करते, ही गोष्ट अमेरिकेतील कारखानदारांच्या गळी ज्या बाईंनी उतरविली, त्यांची हकीकत भगिनींपुढे ठेवावी असे बरेच दिवस माझ्या मनात होते.

ॲलिसबाईंचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी न्यू यॉर्कला झाला; बालपण इंडियाना राज्यात फोर्ट वेन गावी गेले. वडिलांचा व्यापार बुडाल्यावर मुलींना पोटापाण्याचा विचार करणे भाग पडले. ॲलिसबाईंनी वैद्यक निवडले व १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठाची पदवी घेतली. पुढे जर्मनीत त्यांना वर्गात बसू दिले ते कोणाच्या नजरेत न भरण्याच्या बोलीवर!

१८९७ मध्ये त्या शिकागोस अध्यापिका झाल्या आणि जेन ॲडम्स यांच्या हल हाऊसमध्ये राहू लागल्या. तेथे शिकलीसवरलेली माणसे गरीब मजुरांच्या वस्तीतच बिऱ्हाड करून राहत. शेजारच्या घरांतून मनगटे लुळी पडलेले, पोटशुळाने तळमळणारे तरुण पुरुष दिसत. औषध देऊन भागणार नव्हते. रोग कारखान्यातून येत होता.

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने कामगारांच्या रोगांची पाहणी त्यांच्याकडे सोपविली. कारखान्याच्या वह्यांत रोग्यांची नोंदच नसे. मग बाई दवाखान्यांत, औषधांच्या दुकानांत, दारूच्या गुत्त्यांवर आणि थेट मजुरांच्या घरी जाऊन, बायकांशी बोलून नावे गोळा करू लागल्या. मला त्यांची थोरवी खरी दिसते ती या उंबरठे झिजविण्यात. शिसे वापरणाऱ्या ७० हून अधिक प्रक्रिया त्यांनी धुंडाळल्या. न्हाणीच्या टबांना मुलामा देणारे मजूर तापलेल्या लोखंडावर शिसेयुक्त भुकटी शिंपडत आणि ती धूळ श्वासाबरोबर आत घेत. मजूर हात न धुता जेवतो म्हणून विष भिनते, असे मालक म्हणत. नाकातोंडावाटे जाणारी धूळच अधिक घातक, हे बाईंनी दाखविले. १९११ मध्ये तेथे कामगारांच्या रक्षणाचा कायदा झाला.

त्यांची रीत भांडणाची नव्हती. एका मोठ्या शिसे कंपनीचे अधिकारी एडवर्ड कॉर्निश यांना आपली माणसे आजारी आहेत हे पटेना. बाईंनी २२ रोग्यांचा पुरावा पुढे ठेवला. त्यांनी तो मानला आणि धूळ कोंडण्याची सोय करून डॉक्टर नेमले. सगळेच मालक असे निघाले नाहीत, हे सांगायला नको. शिशाने बायकांचे गर्भ पडतात, मुले मृत जन्मतात, हेही बाईंनी बजावून ठेवले. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याचे कारखाने गुप्त ठेवलेले असत; आकाशात नारिंगी धूर दिसे त्या दिशेने आणि पिवळ्या पडलेल्या मजुरांच्या मागोमाग जाऊन बाई त्यांचा ठाव काढीत.

१९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना नेमले. तेथील त्या पहिल्या स्त्री अध्यापक. अध्यापकांच्या क्लबात यायचे नाही, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचे नाही, फुटबॉलची तिकिटे मागायची नाहीत, अशा तीन अटी होत्या. तिकिटांची अट वाचून मला हसू आले. पण १९३५ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांना साधी बढतीही मिळाली नाही, हे मात्र हसण्यासारखे नाही. बाईंनीही आपली अट घातली होती : वर्षातून अर्धाच काळ शिकवीन, उरलेला कारखान्यांसाठी.

१९२२ मध्ये त्यांनी बेंझीनच्या वाढत्या धोक्याविषयी लिहिले. बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो हे पुढे सिद्ध झाले. पेट्रोलमध्ये शिसे मिसळू नका, हे १९२५ च्या वॉशिंग्टन परिषदेत त्यांनी परोपरीने सांगितले. त्या आधीच्याच वर्षी न्यू जर्सीत ते द्रव्य हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले होते. तरी विक्री पुन्हा सुरू झालीच. आपल्या देशात तसले पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. जगातून ते जायला २०२१ साल उजाडले.

ॲलिसबाई २२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी कनेटिकटमधील हॅडलाइम येथे वारल्या. कामगारांच्या सुरक्षिततेचा अमेरिकेचा मोठा कायदा त्याच वर्षी डिसेंबरात झाला.

आपल्याकडे घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. रंगाच्या डब्यावर तसे छापलेले असते. दिवाळीपूर्वी घर रंगविणाऱ्या भगिनींनी ते वाचून घ्यावे. जुन्या दारांचा रंग खरवडायचा झाल्यास मुलांना शेजारी धाडावे आणि धूळ न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.