केरूनाना छत्रे आणि पीपीएस पिन: सेकंद नेमका सुरू कधी होतो?

तुमचा फोन इंटरनेटवरून वेळ घेतो. ती काही मिलिसेकंद पुढे-मागे असली तरी रील बघताना काही बिघडत नाही. पण मी चाकण-भोसरी पट्ट्यात गाड्यांच्या टेस्टिंगचं काम करतो, तिथे बिघडतं. ताशी ७२ किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २० मीटर जाते. कॅमेरा एका कॉम्प्युटरला जोडलेला, रडार दुसऱ्याला, आणि दोघांच्या घड्याळांत फक्त १० मिलिसेकंदांचा फरक असेल, तर गाडीच्या जागेत २० सेंटिमीटरची गडबड होते. आधी माणूस दिसला की आधी ब्रेक लागला, हा क्रमच उलटा होऊ शकतो. म्हणून आम्ही दोन्ही मशीनच्या एकेका पिनला एक वायर जोडतो. त्या वायरवरून दर सेकंदाला एक ठोका येतो. यालाच पीपीएस म्हणतात, म्हणजे पल्स पर सेकंद.

ही भानगड नवीन पोरांना समजावताना मला १९ व्या शतकातला एक मराठी माणूस फार उपयोगी पडतो: केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून हे नाव तुम्ही ऐकलं असेल.

नागाव ते कुलाबा

केरूनानांचा जन्म १८२४ च्या सुमारासचा, अलिबागजवळच्या नागावचा. शिक्षण मुंबईत, एल्फिन्स्टन संस्थेत. तिथे बाळशास्त्री जांभेकर आणि प्रोफेसर ऑर्लेबार यांच्याकडे ते शिकले. १८४० च्या सुमारास, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, ते कुलाबा वेधशाळेत कामाला लागले आणि दहाएक वर्षं तिथे राहिले.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली. आकाशाचे वेध घेणं आणि जहाजांना अचूक वेळ पुरवणं हा तिचा मूळ हेतू. समुद्रात आपण पूर्व-पश्चिम कुठे आहोत हे कळायला बरोबरचं घड्याळ लागायचं. त्यात ४ सेकंदांची चूक झाली, तर विषुववृत्तावर जहाजाची जागा जवळपास १.८५ किलोमीटरने चुकायची. खडक जवळ असेल तर खेळ खल्लास.

१८४१ पासून कुलाब्याला चुंबकीय आणि हवामानाच्या नोंदी सुरू झाल्या. त्या काळी जगभरच्या चुंबकीय वेधशाळांचा एक करार होता. ठरलेल्या दिवशी, जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या वेळेप्रमाणे, सगळ्यांनी एकाच क्षणी आकडे टिपायचे. कारण सुई इथे हलली आणि तिथेही हलली, एवढं समजून उपयोग नसतो. दोन्हीकडे एकाच क्षणी हलली का, हे कळायला हवं. आमच्या कॅमेरा-रडारचा प्रश्न हाच आहे.

जुनं पंचांग म्हणजे सरकलेलं घड्याळ

१८५१ च्या सुमारास केरूनाना पुण्यात आले आणि पुढे डेक्कन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्यांचं लक्ष आता पंचांगाकडे गेलं. आपल्याकडची बरीच पंचांगं तेव्हा गणेश दैवज्ञांच्या १५२० सालच्या ग्रहलाघव ग्रंथावरून बनायची. ग्रंथ उत्तम होता, पण ३०० वर्षांहून जास्त काळ तेच गणित पुढे ढकलत नेल्यावर बारीक चुका साठत गेल्या. कागदावरचा ग्रह आणि आकाशातला ग्रह जुळेनात.

तुमच्या मशीनमधल्या क्वार्ट्झ क्रिस्टलचंही असंच असतं. दहा लाखांत २० भागांची चूक म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण दिवसाचे सेकंद ८६,४००, त्यामुळे रोज सुमारे पावणेदोन सेकंद सरकतात. घड्याळ वाईट नसतं, त्याला बाहेरून कोणी दुरुस्त करत नाही एवढंच.

केरूनानांनी नव्या वेधांवर आधारलेली 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० मध्ये छापली. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या मदतीने नवं पंचांग निघू लागलं. तेच पटवर्धनी पंचांग.

पिन नेमकं काय करते?

पीपीएस हेच काम दर सेकंदाला करते. उपग्रहांतल्या अणुघड्याळांवरून जीपीएस रिसीव्हर वेळ काढतो आणि सेकंद सुरू होताच एका पिनचं व्होल्टेज झटकन वर नेतो. कॉम्प्युटरच्या जीपीआयओ पिनवर ही उडी पोचली की प्रोसेसर हातातलं काम थांबवून आपल्या घड्याळात किती वाजलेत ते टिपतो. जो फरक दिसेल त्यानुसार घड्याळ हळूहळू जलद किंवा मंद केलं जातं. साध्या बोर्डवरही मायक्रोसेकंदांपर्यंत अचूकता मिळते.

ठोका बरोबर, पण सेकंद कोणता?

इथे बरेच जण फसतात. पिन फक्त ठोका देते. तो १० वाजून ५ सेकंदांचा की ६ सेकंदांचा, हे ती सांगत नाही. ते सांगायला सिरियल केबलवरून अक्षरी संदेश येतो. ९६०० बॉड वेगाला ७० अक्षरं यायला साधारण ७० मिलिसेकंद लागतात. म्हणून सेकंदाचा आकडा संदेशातून घ्यायचा आणि त्याची सुरुवात पिनवरून.

केरूनानांच्या पंचांगाची अडचण इथेच झाली. त्यांची गती आकाशाशी जुळत होती, पण राशिचक्राची मोजणी सुरू कुठून करायची? त्यांनी रेवती नक्षत्रातला एक तारा धरला. प्रचलित आरंभबिंदूपेक्षा तो सुमारे ४ अंशांनी वेगळा पडला. सूर्य दिवसाला जवळपास १ अंश सरकतो, म्हणजे संक्रांतीत ४ दिवसांचा फरक. तेवढ्याने कधीकधी अधिक महिनाच बदलतो. सण कोणत्या दिवशी करायचा हा घराघरातला प्रश्न असल्याने बहुतेकांनी हे पंचांग स्वीकारलं नाही.

केरूनाना १८७९ मध्ये निवृत्त झाले आणि १८८४ मध्ये वारले. काम टिळकांनी पुढे नेलं, त्यातून टिळक पंचांग आलं. ते पाळणाऱ्या कोकणातल्या काही घरांत एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी येतो, तो याच आरंभबिंदूमुळे.

तुमच्याकडे रास्पबेरी पाय आणि पीपीएस पिन असलेला जीपीएस मॉड्यूल असेल, तर जोडून बघा. पिनला ३.३ व्होल्टपेक्षा जास्त देऊ नका. ठोका मिळाला म्हणून लगेच खूश होऊ नका, दोन्ही मशीन त्याला एकाच सेकंदाचं नाव देतात का, ते आधी तपासा.