काळ्या-पिवळ्या टॅक्सीपासून रेसिंग कारपर्यंत: एका आडव्या पाट्याची आणि दान्ते जाकोझाची गोष्ट

मंडळी, दादर स्टेशनबाहेर किंवा लालबागला तुम्ही कधीतरी काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी पकडली असेल. स्टिअरिंगलाच लावलेला गियरचा दांडा आणि खड्ड्यातून जातानाचा तो ओळखीचा हेलकावा आठवतोय ना? ही गाडी बनायची आपल्या कुर्ल्यात, पण तिचा मूळ आराखडा होता इटलीतल्या एका इंजिनियरचा. त्याचं नाव दान्ते जाकोझा.

जाकोझाचा जन्म १९०५ चा, रोममधला. तुरीनच्या पॉलिटेक्निकमधून १९२७ साली तो इंजिनियर झाला आणि पुढच्याच वर्षी फियाटच्या कारभारात शिरला. फियाटचे मालक जोव्हानी अन्येली यांना तेव्हा सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी हवी होती, अवघ्या ५,००० लिऱ्यांत. आधी एका इंजिनियरने इंजिनची ताकद पुढच्या चाकांना देणारी गाडी बनवली होती. चाचणीच्या वेळी तिने पेट घेतला आणि गाडीत खुद्द अन्येली बसले होते! त्यानंतर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं नाव काढायचं नाही, असा हुकूमच सुटला.

मग हे काम तिशीही न ओलांडलेल्या जाकोझाकडे आलं. त्या काळी बहुतेक गाड्यांची पुढची दोन्ही चाकं एकाच सरळ अ‍ॅक्सलला जोडलेली असत. त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही कलायचं. जाकोझाने हा अ‍ॅक्सलच काढून टाकला आणि गाडीच्या रुंदीत एक आडवा पाटा बसवला. हा पाटा धक्के शोषायचा आणि त्याच वेळी चाकांना धरूनही ठेवायचा. एकाच भागात दोन कामं झाली आणि प्रत्येक चाक आपापलं हलायला मोकळं राहिलं. जागा वाचवण्यासाठी त्याने ५६९ सीसीचं इंजिन पार पुढे ढकललं. १९३६ साली ही फियाट ५०० बाजारात आली. किंमत मात्र ८,९०० लिरे झाली, म्हणजे ठरलेल्या आकड्याच्या बरीच वर. तरीही लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. मिकी माऊसच्या इटालियन नावावरून तिला ‘टोपोलिनो’ म्हणू लागले आणि १९५५ पर्यंत अशा ५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या.

खरी गंमत पुढेच आहे. १९४६ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांना स्वस्तात रेसिंग कार बनवायची होती. त्यांनी टोपोलिनोचे पुढचे दोन भाग घेतले आणि पाठीला पाठ लावून जोडले! म्हणजे पुढेही तेच सस्पेन्शन आणि मागेही तेच. इंजिन बसवलं मोटरसायकलचं, तेही ड्रायव्हरच्या मागे. या जुगाडातून कूपर कंपनीच्या रेसिंग गाड्यांची परंपरा सुरू झाली. १९५९ आणि १९६० साली जॅक ब्रॅबम फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला, तो कूपरच्याच गाडीत. त्या गाडीतही इंजिन ड्रायव्हरच्या मागेच होतं.

तिकडे अमेरिकेत हॉट रॉडवाल्यांनी, म्हणजे जुन्या गाड्या घरच्या गॅरेजमध्ये बदलून सुसाट पळवणाऱ्यांनी, टोपोलिनोची इवलीशी बॉडी उचलली आणि तिच्यात अवाढव्य व्ही-८ इंजिनं कोंबली. त्यांना फक्त सरळ रेषेत धावायचं होतं, त्यामुळे पुढे बहुतेकदा साधा सरळ अ‍ॅक्सल परत यायचा. जाकोझाने काढून टाकलेली गोष्ट त्यांना हवी होती!

१९५३ साली जाकोझाची फियाट ११०० आली. तिच्यात त्याने पुढे पाट्याऐवजी कॉइल स्प्रिंग वापरल्या, पण दोन्ही चाकं स्वतंत्रच ठेवली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने हीच गाडी मुंबईत बनवायला घेतली आणि १९७४ मध्ये तिच्या वंशजाला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं. परळच्या खड्ड्यांतून ही टॅक्सी वर्षानुवर्षं धावली, त्यामागे हेच स्वतंत्र सस्पेन्शन होतं.

आणि तो जुना हुकूम? जाकोझाने तब्बल तीस वर्षं वाट पाहिली. १९६४ साली फियाटशी जोडलेल्या ऑटोबियांकी या ब्रँडखाली त्याने पुढच्या चाकांवर चालणारी प्रिमुला आणली. गाडी फसली असती, तर फियाटच्या नावाला धक्का लागला नसता. पण प्रयोग जमला आणि १९६९ मध्ये फियाट १२८ आली. आडवं इंजिन, त्याच्या बाजूला गियरबॉक्स आणि ताकद पुढच्या चाकांना, ही तिची मांडणी आज तुमच्या-आमच्या बहुतेक छोट्या गाड्यांत दिसते.

जाकोझा १९९६ साली तुरीनमध्ये वारला. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओमध्ये २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून कायमची गेली.

तर मंडळी, पद्मिनी टॅक्सीतला तुमचा शेवटचा प्रवास कुठून कुठपर्यंत होता? कमेंटमध्ये नक्की सांगा!