शिंगाळ्याची नोंद करणारा कर्नल

गिरगाव-दादरच्या घरांतून काचेच्या पेटीत शेवाळ खरवडणारा, अंगावर हाडांच्या तकटांचे चिलखत असलेला मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा. हौस फिटली की त्याला तळ्यात वा नदीत सोडून देण्यात येते. आज तो भीमेवरील उजनी जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडू लागला आहे. या आगंतुकाची चर्चा होत असताना भीमेच्या स्वतःच्या माशांची पहिली शास्त्रीय नोंद करणाऱ्या कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे स्मरण करणे उचित ठरेल.

साइक्स यांचा जन्म 1790 चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत ते 1803 मध्ये, अवघ्या तेराव्या-चौदाव्या वर्षी दाखल झाले. 1817 मध्ये खडकीच्या लढाईत ते पेशव्यांविरुद्ध लढले. पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखाची मोजदाद करणे मुंबई सरकारला निकडीचे वाटले. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय मुंबईत आजही आहे, त्या गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी 1824 मध्ये हे काम साइक्स यांच्याकडे सोपविले. लोकसंख्या, पिके, हवामान यांच्या नोंदी घेता घेता ते दख्खनचे पशुपक्षी आणि मासेही न्याहाळू लागले. पुढे सरकारने ते पद रद्द केले, तरी हाती घेतलेले काम त्यांनी अर्धवट टाकले नाही. ते पुरे करूनच 1831 मध्ये त्यांनी मायदेशाची वाट धरली.

दख्खनच्या माशांवरील त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने 1839 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मुळा-मुठा, भीमा, इंद्रायणी या नद्यांतील अनेक जातींचे वर्णन प्रथमच शास्त्रापुढे आले. काही नावे त्यांनी इंग्रज स्नेह्यांना व विद्वानांना अर्पण केली. परंतु कित्येक माशांना त्यांनी येथल्या बोलीतलीच नावे ठेवली. आपला शिंगाळा ‘सींघाला’ झाला, घोगरा ‘गोग्रा’ झाला आणि एक महसीर ‘खुद्री’ म्हणून जगन्मान्य झाला. लॅटिन व ग्रीक नावांच्या दरबारात भीमाकाठच्या बोलीला असे मानाचे स्थान मिळाले. ज्यांनी ती नावे सांगितली असतील, त्यांची स्वतःची नावे मात्र इतिहासाने टिपून ठेवली नाहीत.

या कार्यात एक मोठी उणीवही राहिली. नव्या जातीचे वर्णन करताना तिचा मूळ नमुना जपून ठेवावा, हा दंडक त्या काळी आजच्याइतका रूढ नव्हता. साइक्स यांच्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. मागे उरली ती त्रोटक वर्णने व चित्रे. त्यामुळे त्यांचा ‘मुसुल्ला’ म्हणजे नेमका कोणता मासा, याविषयी एकविसाव्या शतकापर्यंत वाद चालला. अशा वेळी अभ्यासकाला एकच वाट उरते: त्याच नदीवर जावे, तोच मासा पुन्हा शोधावा आणि वर्णनाशी ताडून पाहावा. याचाच अर्थ असा, की नदी जिवंत असेल तरच जुन्या ग्रंथातील चूक सुधारता येते.

साइक्स पुढे 1856 मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले, ॲबर्डीनचे प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात गेले आणि 1872 मध्ये निधन पावले. त्यांनी पाडलेला पायंडा मात्र मागे राहिला. 1952 मध्ये डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी कोल्हापूरच्या पंचगंगेतील एका मांजरमाशाचे वर्णन केले. स्वतःच्या अंगावर एकही खवला नसलेला हा मासा इतर माशांचे खवले ओरबाडून खातो. म्हणून कुलकर्णी यांनी त्याला नाव दिले ‘खवलचोर’. साइक्स यांनी मराठी नावे ऐकून टिपली होती. कुलकर्णी यांनी ती आपल्या भाषेत घडविली.

साइक्स जेते म्हणून आले होते आणि त्यांची मोजदाद राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी होती, हे विसरण्याचे कारण नाही. तथापि ज्या मुळा-मुठेतून त्यांनी मासे मिळविले, तिच्यात पुण्याचे सांडपाणी सोडले ते आपण. परके मासे जलाशयांत सोडले तेही आपणच. त्यांनी वर्णिलेला ‘सिलोनिया चिल्ड्रेनी’ हा मोठा मांजरमासा आज संकटग्रस्त गणला जातो. शिंगाळा, घोगरा ही नावे शास्त्राच्या पोथीत अढळ राहतील. ती धारण करणारे मासे नदीत राहतील की नाही, हे ठरविणे आता आपल्या हाती आहे.