सुखटणकरांचे महाभारत

महाभारत घराघरांत ठाऊक आहे. परंतु नेमके कोणते महाभारत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो सोडविण्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांचे स्मरण म्हणूनच अगत्याचे आहे.

१८८७ साली जन्मलेल्या सुखटणकरांनी केंब्रिजला गणिताचे अध्ययन केले. पुढे बर्लिन येथे प्रा. ल्यूडर्स यांच्या हाताखाली ते संस्कृतच्या संशोधनाकडे वळले. मायदेशी काही काळ पुरातत्त्व खात्यात काम केल्यावर, १९२५ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादकत्व त्यांच्याकडे आले.

महाभारताची मूळ प्रत कोठेच नाही. आहेत त्या शारदा, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा अनेक लिप्यांतील पोथ्या, आणि त्याही परस्परांशी न जुळणाऱ्या. येथे बहुमताचा न्याय चालत नाही; एकाच पोथीच्या शंभर नकला झाल्या तरी साक्षीदार एकच. याउलट काश्मीर आणि केरळ अशा दूरच्या प्रांतांतील पोथ्या एकमुखाने बोलू लागल्या, तर ती साक्ष मोलाची ठरते.

या कसोटीपुढे लोकप्रियतेचीही गय झाली नाही. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहून घ्यावे ही सर्वांना प्रिय असलेली कथा १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वात मुख्य संहितेबाहेर, परिशिष्टात गेली. मात्र सुखटणकरांनी काहीही नष्ट केले नाही. वगळलेला प्रत्येक श्लोक, कोणत्या पोथीत तो आहे या नोंदीसह, तळटीपांत वा परिशिष्टांत छापला. आपली संहिता म्हणजे व्यासांचा मूळ ग्रंथ, असा दावाही त्यांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून गाठता येणारे सर्वांत जुने रूप, एवढेच ते म्हणत. अशी संहिता कोणत्याच प्रांतात कधी वाचली गेली नव्हती, हा आक्षेप काही विद्वानांनी घेतला. तो पारखण्याची सामग्रीही याच आवृत्तीच्या तळटीपांत आहे.

अठरांपैकी आदि आणि आरण्यक ही दोन पर्वे त्यांनी स्वतः संपादिली. मुंबई विद्यापीठातील व्याख्यानमाला पुरी होण्यापूर्वीच २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे डॉ. बेलवलकर आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी धुरा वाहिली व १९६६ साली संहिता पूर्ण झाली.

प्रमुख संपादक गेल्यावरही कार्य तेवीस वर्षे चालू राहिले, कारण ते व्यक्तीच्या अधिकारावर नव्हे, तर पद्धतीवर उभे होते. निर्णय ठामपणे द्यावा, परंतु तो खोडून काढण्याची साधने वाचकाच्या हाती ठेवावीत, हा विद्येचा प्रामाणिकपणा होय. परंपरेविषयी आदर बाळगणाऱ्यांनी आणि तिची चिकित्सा करणाऱ्यांनीही तो सुखटणकरांपासून शिकावा.