समुद्रतळाशी कॅमेरा नेणारा प्राध्यापक

पाण्याखाली छायाचित्रण शिकायचे तर आधी पाण्याखाली वावरणे शिकावे लागते. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लुई बुताँ यांनी हाच क्रम पाळला, तोही शिकवणारे कोणी नसताना. १८५९ साली जन्मलेले बुताँ शंख-शिंपल्यांतील जिवांचे अभ्यासक. धातूचे शिरस्त्राण, जड पोशाख आणि होडीतून नळीवाटे येणारी हवा, एवढ्या भरवशावर ते सागरतळाशी उतरत.

त्यांच्याआधी, १८५६ मध्ये, इंग्लंडच्या वेमथ येथे विल्यम थॉम्पसन यांनी पेटीत बसवलेला कॅमेरा होडीतून पाण्यात सोडला होता. ते स्वतः मात्र होडीतच राहिले. बुताँना कॅमेऱ्यापाशी उभे राहायचे होते.

१८९३ मध्ये भूमध्य समुद्राकाठी बान्यूल-सूर-मेर येथील आरागो प्रयोगशाळेत प्रयोग सुरू झाले. बंधू ओगुस्त अभियंते होते. त्यांनी कॅमेऱ्यासाठी जलाभेद्य पेटी तयार केली. तिला हवेने भरलेली रबरी पिशवी जोडली होती. खोल जावे तसा पाण्याचा दाब पिशवीला आवळी आणि तिच्यातली हवा पेटीत शिरे. आतबाहेरचा दाब असा सारखा राहिल्याने पाणी आत घुसत नसे. युक्ती साधी, पण सारा डोलारा तिच्यावरच होता.

खरी अडचण प्रकाशाची. एका छायाचित्रासाठी कधीकधी तीस मिनिटे काच उघडी ठेवावी लागे. तेवढ्या वेळात समोरून गेलेला मासा काचेवर कसा उमटणार? विद्युत अभियंता शोफूर यांनी प्राणवायू भरलेल्या काचेच्या भांड्यात मॅग्नेशियमची तार जाळून पाहिली. पण ती एकसारखी जळेना आणि भांडे फुटण्याचा धोका राहिलाच. मग बुताँनी पिंपाचा आधार घेतला. प्राणवायू भरलेल्या मोठ्या पिंपावर काचेच्या घुमटाखाली स्पिरिटचा दिवा ठेवायचा आणि रबरी फुगा दाबून ज्योतीवर मॅग्नेशियमची भुकटी उडवायची! समुद्राच्या तळाशी पेटता दिवा नेण्याची ही कल्पना आजही चकित करते. तिच्यामुळे क्षणचित्रे टिपणे शक्य झाले.

१८९९ मध्ये बुताँनी रुमानियन जीवशास्त्रज्ञ एमिल राकोव्हित्सा यांचे पाणबुड्याच्या वेशातील छायाचित्र पाण्याखाली घेतले. पुढच्याच वर्षी या विषयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नंतरच्या काळात मोत्यांच्या संशोधनाने त्यांचे लक्ष वेधले.

१९३४ मध्ये बुताँचे निधन झाले. पाणबुड्याला होडीच्या नळीपासून मोकळे करणारे कूस्तो व गान्याँ यांचे श्वसनयंत्र त्यानंतर नऊ वर्षांनी, १९४३ मध्ये आले.