सर रतन टाटा : एका कलासंग्राहकाचे दातृत्व

धनाचे दान करणारे पुरुष प्रत्येक पिढीत निपजतात; परंतु स्वतःच्या आवडीने, वर्षानुवर्षे पारखून जमविलेल्या वस्तूंचे दान करणारा विरळा. खर्ची पडलेला पैसा पुन्हा मिळविता येतो. जीव जडलेली वस्तू एकदा घराबाहेर गेली की ती गेलीच. म्हणून हे दान अधिक अवघड, असे आम्हास वाटते. त्याचे उदाहरण म्हणून सर रतन जमशेटजी टाटा यांचे चरित्र आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. सर रतन आमच्या ज्ञातीचे नव्हत, ते पारशी होते. पण गुण घेताना ज्ञात पाहावयाची नसते. तरुण वाचकांस हे नाव ऐकताच २०२४ साली दिवंगत झालेले उद्योगपती रतन टाटा आठवतील. तेही याच घराण्यातले. सर रतन यांच्या पत्नी नवाजबाई यांनी दत्तक घेतलेल्या नवल टाटांचे ते चिरंजीव होत.

सर रतन यांचा जन्म मुंबईस २० जानेवारी १८७१ रोजी झाला. आधुनिक उद्योगधंद्यांचा पाया घालणारे जमशेटजी हे त्यांचे वडील. थोरले बंधू दोराबजी त्यांच्याहून बारा वर्षांनी वडील होते. सेंट झेवियर कॉलेजात शिक्षण झाल्यावर १८९६ साली ते घरच्या पेढीत दाखल झाले. १९०४ साली जमशेटजी निवर्तले आणि पोलाद कारखाना व बंगळूरची विज्ञानसंस्था हे त्यांचे अपुरे मनोरथ पुत्रांवर येऊन पडले. या कामी दोराबजींचा पुढाकार होता आणि धाकट्या बंधूंची त्यांस साथ होती. तथापि सर रतन यांचे चित्त केवळ हिशेबाच्या वह्यांत रमणारे नव्हते.

त्यांच्या दातृत्वाची जात वेगळी होती. कोणी दारी आला म्हणजे हात सैल सोडावा, अशी त्यांची रीत नव्हती. ज्ञान वाढेल किंवा अन्याय हटेल तेथे ते आपण होऊन पुढे होत. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजास त्यांनी दरसाल दहा हजार रुपये दिले. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचा लढा चालू असता १९०९ साली त्यांनी पंचवीस हजार रुपये पाठविले, आणि ही मदत पुढे सव्वा लाखावर गेली. दारिद्र्याच्या कारणांचा अभ्यास व्हावा म्हणून लंडनच्या अर्थशास्त्राच्या विद्यालयास त्यांनी साहाय्य केले. पाटलिपुत्राचे उत्खनन त्यांच्याच पैशाने सुरू झाले आणि कुम्रहार येथे मौर्यकालीन स्तंभयुक्त सभागृहाचे अवशेष प्रकाशात आले. गतकाळाच्या वस्तूंकडे ते केवळ शोभा म्हणून पाहत नव्हते, याची साक्ष यातच आहे.

कलावस्तूंचा त्यांना विलक्षण छंद होता. १९०६ साली त्यांनी लंडनजवळ ट्विकनहॅम येथे यॉर्क हाऊस हा जुना वाडा विकत घेतला. तेथील बागेत त्यांनी बसविलेले संगमरवरी पुतळे आजही उभे आहेत. युरोपातील चित्रे, चिनी मातीची नाजूक भांडी, जेड नामक हिरव्या पाषाणाच्या कोरीव वस्तू, जपानची हस्तिदंती कारागिरी असा त्यांचा संग्रह वाढत गेला. १९१६ साली त्यांना सर हा किताब मिळाला. पण प्रकृती साथ देईना. ५ सप्टेंबर १९१८ रोजी इंग्लंडातील सेंट आइव्ह्‌ज या गावी वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. पोटी संतान नव्हते. एवढ्या संग्रहाचे आता काय व्हावे, हा प्रश्न उभा राहिला असता; लंडनच्या लिलावात एकेक वस्तू एकेकाच्या घरी गेली असती आणि संग्रह म्हणून तिचे नाव उरले नसते. परंतु हा संग्रह मुंबईच्या संग्रहालयास मिळावा, अशी तजवीज त्यांनी मृत्युपत्राने केलेली होती.

हे संग्रहालय म्हणजे त्या वेळचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. १९९८ सालापासून त्यास छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असे नाव आहे. त्याची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसली. सरकारने पैसा दिला, सर करीमभाई इब्राहीम व सर कावसजी जहांगीर यांच्यासारख्या नागरिकांनीही दिला, आणि जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणे १९१४ साली घुमटाची भव्य वास्तू पुरी झाली. महायुद्धात तेथे लष्करी इस्पितळ होते. १० जानेवारी १९२२ रोजी ती लोकांस खुली झाली. पैशाने भिंती उभ्या राहतात. दालने भरावयाची म्हणजे वस्तूच हव्यात. शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह १९१५ साली विकत घेतला गेला होता. पण खरेदीने संग्रहालय किती वाढणार? अशा वेळी, १९२१ च्या सुमारास, सर रतन यांचा संग्रह तेथे आला.

या देणगीने केवळ वस्तूंची संख्या वाढली असे नव्हे; संग्रहालयाचे स्वरूपच पालटले. एरवी या देशातील मूर्ती, नाणी व ताम्रपट यांपुरते ते राहिले असते. आता बोटीने विलायतेस जाण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्यासही चीन, जपान व युरोप यांची कारागिरी मुंबईतच पाहावयास मिळू लागली. आम्ही शिक्षक असताना मुलांना तेथे नेत असू, तेव्हा पुस्तकातील चार पानांनी जे साधत नसे ते एका कपाटासमोर उभे राहिल्याने साधत असे.

दान एकटे राहत नाही, ते दुसऱ्या दानास हाक मारते. १९३२ साली सर दोराबजी निवर्तले, आणि १९३३ साली त्यांचाही संग्रह याच संग्रहालयात दाखल झाला. पुढे कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांनीही आपला संग्रह तेथेच दिला. देणगीत दात्याची आवड उतरते, तशी तिची मर्यादाही उतरते. एकाच्या संग्रहात जे नसेल ते दुसऱ्याच्या संग्रहाने भरून निघते. अशा रीतीने संग्रहालय वाढते. तेथे वस्तूची नोंद होते, तीस क्रमांक मिळतो, तिची निगा राखली जाते, अभ्यासक तिच्यावर लिहितात, आणि दात्याचे नाव तिच्या पाटीवर राहते. घरच्या कपाटात हे होत नाही.

आमच्या ज्ञातिबांधवांस यातून काय घ्यावयाचे, हे वेगळे सांगावयास नको. टाटांसारखे ऐश्वर्य आपणापाशी नाही. पण जुन्या पितळी समया, मोडी कागदपत्रे, हस्तलिखित पोथ्या, आजीच्या पेटीतील पैठणी आजही कित्येक घरांत आहेत. वाटणीच्या वेळी त्या मोडीत जातात, किंवा माळ्यावर वाळवीच्या तोंडी पडतात. नव्या पिढीच्या घरांत माळाही राहिलेला नाही. त्या वस्तू मोडीवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी जवळच्या संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांस एकदा दाखवाव्यात, आणि वस्तूबरोबर ती कोणाची, कोठली, कशासाठी वापरीत, ही माहितीही लिहून द्यावी. कारण माहितीवाचून वस्तू मुकी राहते. सर रतन यांच्या निधनास शंभराहून अधिक वर्षे लोटली. त्यांनी हौसेने घेतलेले ते भांडे आज कोणा अनोळखी शाळकरी मुलीच्या डोळ्यांसमोर आहे. त्यांच्या धनाचा याहून चांगला विनियोग आम्हास तरी दिसत नाही.